कडी लावा, तात्या

मी आयुष्यभर कॉम्प्युटरमध्ये काम केलं असं सांगितलं की कोल्हापुरात दोनच गोष्टी होतात. समोरचा माणूस एक तर भाच्याच्या नोकरीचं बघा म्हणतो, नाही तर बिघडलेला प्रिंटर पिशवीत घालून घरी आणतो. प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. मला कळतात ते कंस. मी कंस मोजले, कंस शिकवले, कंसांवरून लोकांना ओरडले, आणि एकदा एका कंसापायी कागलच्या एका घरात जवळजवळ दंगल घडवली. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून 'संगणक क्रांती'वर लेख हवा होता. क्रांती चालू होती तेव्हा मी लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिकांशी झटत होते, त्यामुळे तेच लिहिते.

नव्वदीची मधली वर्षं. लग्न करून मी जयसिंगपूरहून कोल्हापुरात आले होते. हाताशी गणिताची पदवी होती, म्हणून शाहूपुरीत एका जिन्याखाली दोन मशीनं मांडून कॉम्प्युटरचा क्लास काढला. सी नावाची भाषा शिकवायची. बाहेरच्यांसाठी सांगते, कॉम्प्युटरला सूचना द्यायच्या त्या ठरलेल्या भाषेत, आणि कोणत्या सूचना एकत्र, कोणत्या वेगळ्या, हे सांगायला कंस घालायचे. शाळेत आपण साधा, महिरपी आणि चौकटी कंस शिकलो, तेच हे. उघडला की बंद करायचा. एक बंद करायचा राहिला की मशीन ऐंशी चुका दाखवतं आणि त्यातली एकही धड जागेवरची नसते.

पहिल्याच बॅचमध्ये एका पैलवान गड्यानं विचारलं, "मॅडम, ह्यो वाकडातिकडा कंसच कशाला? साधा का चालत न्हाय?"

म्हटलं, "भाषा बनवणाऱ्यांनी तसं ठरवलंय."

"आन् त्यास्नी कुणी इचारलं न्हाय व्हय?"

मग मास्तर लोक करतात तेच मी केलं, त्याला गप्प बसवलं. पुढं वर्षभरात माझ्यावरच एक भाषा बनवायची पाळी आली, तेव्हा त्या गड्याची रोज आठवण यायची.

झालं असं. लक्ष्मीपुरीत अण्णांची प्रेस होती. अण्णा सीमेकडचे, लिंगायत. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. त्यांनी पायानं चालवायचं जुनं ट्रेडल मशीन विकायला काढलं आणि कॉम्प्युटर घेतला. प्रश्न उरला तात्या सुतारांचा. तात्या म्हणजे प्रेसचे जुने कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांनी तीस वर्षं मजकूर जुळवलेला. खिळ्यांच्या लाकडी पेटीतल्या, म्हणजे केसमधल्या, कुठल्या खणात कुठलं अक्षर, हे त्यांच्या बोटांना पाठ. वय पंचावन्न, घरी दोन मुली शिकणाऱ्या, आणि आता समोर हे इंग्रजी कळांचं पेटाडं.

अण्णांनी मला बोलावून सांगितलं, "अक्का, ह्यांना शिकवा. ही लग्नसराई संपेपर्यंत बघतो. जमलं तर जमलं, न्हाई तर मला दुसरा माणूस आणावा लागंल."

हे त्यांनी तात्यांच्या समोरच सांगितलं. तात्या खिळे पुसत होते, ते पुसतच राहिले. मला मात्र वाईट वाटलं.

आठवडाभरात टाइप करणं तात्यांना जमलं. त्यांची बोटंच तशी तयार होती. अडलं ते मांडणीशी. आमच्याकडच्या पत्रिका तुम्ही पाहिल्या असतील. वर देव, मध्ये वधू-वर आणि खाली 'आपले नम्र' म्हणून चाळीस माणसांची फौज. कुणाचं नाव कुणाच्या वर, कोण कुणाच्या शेजारी, यावरून भावकीत वर्षानुवर्षं अबोले धरलेले असतात. एका घराची माणसं एका मोठ्या महिरपीत बांधायची आणि महिरपीच्या टोकाशी 'व समस्त अमुक परिवार' लिहायचं. हे सगळं माऊसनं ओढून-ताणून बसवताना तात्यांना घाम फुटायचा. माऊस टेबलावरून खाली गेला की तेही त्याच्यामागं खाली जायचे.

मग मी ठरवलं की तात्यांसाठी एक छोटीशी भाषा बनवायची. त्यांनी नुसती नावं टाइप करावीत, कुठलं घर कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं त्याची खूण करावी, बाकीचं प्रोग्रॅम बघेल. नावांच्या दोन ओळी, महिरप, 'समस्त परिवार', सगळं आपोआप. नावाआधी काही लिहिलं नसेल तर 'श्री.' सुद्धा तोच लावेल. मी फार खूश होते. फक्त कंस घालायचे की झालं!

कंस नव्हतेच.

आता हे जरा समजावून सांगते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो आणि त्या काळी असे आकडे होते एकूण दोनशे छप्पन. अमेरिकेत ज्यांनी ते पहिल्यांदा वाटले त्यांनी इंग्रजी अक्षरं, अंक आणि सगळे कंस बसवून घेतले. मराठीसाठी कुणी जागा ठेवली नव्हती. मग आपल्या फॉन्टवाल्यांनी तिथली इंग्रजी बिऱ्हाडं सरळ उठवली आणि आपली अक्षरं, काने, मात्रा, अर्धी अक्षरं बसवली. त्यात महिरपी आणि चौकटी कंसांची जागा गेली. मी महिरपी कंसाची कळ दाबली की पडद्यावर कुठलंसं अर्धं जोडाक्षर लोंबकळायचं.

हे मी तात्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "म्हंजी केस तीच, खणात खिळं दुसरंच टाकल्यात. सरळ सांगायचं की, मॅडम!"

मग आम्ही दोघं कंस शोधायला निघालो. साधा कंस फॉन्टमध्ये शिल्लक होता, पण पत्रिकेत त्याला आधीच कामं फार. (बी.कॉम.), (दादा), (मु. पो. राधानगरी). प्रोग्रॅमनं पहिल्याच दिवशी बी.कॉम. नावाचं एक स्वतंत्र घराणं काढून दिलं. मग मी दोन दंड घेतले, ॥ असे. दिसायला सुरेख, आपल्या मातीतले. पण पत्रिकेच्या डोक्यावरच 'श्री गणेश प्रसन्न' दोन दंडांत असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. प्रोग्रॅमनं गणपतीला महिरपीत घातलं आणि शेजारी लिहिलं, 'व समस्त परिवार'.

तात्या हात जोडून म्हणाले, "देवाचा परिवार मोठा हाय, कागूद पुरायचा न्हाय."

मग तात्यांच्या सूचनेवरून 'घर' हा शब्दच खूण म्हणून घेतला. दोन पत्रिका झक्क निघाल्या. तिसऱ्या पत्रिकेत पत्ता होता, 'घर नं. १२'. त्याचं काय झालं ते सांगत बसत नाही.

शेवटी अधिक आणि तिरकी रेघ ही दोनच चिन्हं अशी सापडली की जी पत्रिकेत कुणी वापरत नाही. घर सुरू होताना +/ आणि संपताना /+ असं ठरलं. तात्यांनी त्याचं नाव 'कडी' ठेवलं. आधीचं ते कडी काढणं, नंतरचं कडी लावणं. नंतर कधीतरी एका मासिकात वाचलं की स्वीडनच्या कीबोर्डवरही महिरपी कंसांच्या जागी त्यांची स्वतःची अक्षरं होती. तिकडचे प्रोग्रॅमर बिचारे कंसाच्या जागी टिंबवाली अक्षरं बघत प्रोग्रॅम लिहायचे. ज्यांच्याकडं कंसच नाहीत त्यांच्यासाठी तीन-तीन चिन्हं जोडून कंस करायची सोय पुढं भाषेतच करावी लागली. हे मी तात्यांना वाचून दाखवलं.

"म्हंजी गोऱ्यांचीबी हीच बोंब!" तात्या म्हणाले. त्या दिवशी ते फार खुशीत होते.

एक अडचण राहिली होती. काही चुकलं की प्रोग्रॅम 'टुंग' असा आवाज करायचा आणि लाल पट्टी दाखवायचा. टुंग झाला की तात्या खुर्चीतून ताडकन उठायचे, "म्या कायबी केलं न्हाय!" असं जाहीर करायचे आणि चहाला निघून जायचे. अण्णा गल्ल्यावरून बघायचे. दिवसातून चार टुंग झाले की अण्णांच्या कपाळावर आठी पडायची. मला वाटलं, अशानं तात्यांची नोकरी टुंगपायीच जाईल. म्हणून मी टुंग काढून टाकला. प्रोग्रॅमला शिकवलं, की कडी लावायची राहिली असेल तर बोंबलू नकोस, शेवटी आपण होऊन लावून घे आणि गप्प राहा. माझ्या मते ही माझी माणुसकी होती. तात्या टुंगविना झपाट्यानं काम करायला लागले. अण्णा म्हणाले, "अक्का, अजून चार प्रेसवाल्यांना सांगतो तुमच्या प्रोग्रॅमचं." मी हवेत!

आणि मग कागलचे थोरले पोवार आले.

पोवार दोघं भाऊ. दोघांनी मिळून ट्रॅक्टर घेतला होता आणि थोरल्यांनी ट्रॉलीच्या मागं फक्त आपल्याच मुलांची नावं रंगवून आणली होती. तेवढ्यावरून बारा वर्षं एकमेकांच्या दारात पाय नाही. आता थोरल्यांच्या मुलाचं लग्न होतं.

थोरल्यांनी तात्यांना बजावून सांगितलं, "धाकट्याचं नाव घाला. न्हाय तर आमची म्हातारी जेवायची न्हाय. पर आमच्यात न्हाय घालायचं! आमची महिरप वेगळी. त्येला खाली टाका, 'स्नेहांकित' म्हणून."

"सख्खा भाऊ आन् स्नेहांकित?" तात्यांनी विचारलं.

"स्नेह न्हायच, पर छापायला काय जातंय!"

तर यादी अशी झाली. वर थोरल्यांचं घर, कडीत. खाली 'स्नेहांकित' असं लिहून धाकटे पोवार, मुजावर चाचा, डेअरीचे शेट्टी, दाढी करणारे माने आणि आणखी सात-आठ जण, कडीबाहेर. थोरल्यांनी येऊन कच्ची प्रत पाहिली आणि होकार दिला. इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगते, कच्ची प्रत तपासताना माणूस फक्त स्वतःचं नाव वाचतो. थोरल्यांनी 'माजी सरपंच' बरोबर आहे एवढं बघितलं आणि पान लावून निघून गेले.

आठशे पत्रिका गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी थोरले पोवार प्रेसच्या दारात उभे. हातात पत्रिका, चेहरा लालबुंद.

"ह्यो कोण रं?" त्यांनी पत्रिकेवर बोट आपटलं. "श्री. स्नेहांकित! ह्यो कोण आमच्या घरात घुसलाय? सकाळधरनं भावकी इचारायलीया, कुणाचा जावई म्हणून!"

मी पत्रिका घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली. थोरल्यांच्या घराची कडी लावलेलीच नव्हती. प्रोग्रॅमनं ती गुपचूप यादीच्या अगदी शेवटी लावली होती. त्यामुळं स्नेहांकित हे एक माणूस झाले, त्यांना 'श्री.' लागलं, आणि त्यांच्यापाठोपाठ धाकटे पोवार, मुजावर, शेट्टी, माने सगळे एका महिरपीत येऊन बसले होते. टोकाशी ठसठशीत, 'व समस्त पोवार परिवार'.

अण्णांनी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत तात्यांची शोभा केली. शेवटी म्हणाले, "उद्यापासनं येऊ नका." तात्या उठले. चष्मा काढून खिशात ठेवला आणि चपला घातल्या.

आणि मी गप्प बसले. आज लिहितानाही लाज वाटते. कडी तात्यांची राहिली होती, पण राहिलेली कडी लपवली होती माझ्या प्रोग्रॅमनं. टुंग झाला असता तर हे छापलंच गेलं नसतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण त्या चार प्रेस डोळ्यांसमोर होत्या, आणि तोंड उघडलं नाही. घरी जाऊन ताटावर बसले, तशीच उठले. नवऱ्यानं विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी प्रेस उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले आणि अण्णांना सगळं सांगितलं.

अण्णांनी ऐकून घेतलं. "मग आता तुम्हाला काढू का? तुम्ही तर माझ्याकडं कामालाच न्हाई." थोडा वेळ डोकं खाजवून म्हणाले, "नव्या पत्रिका काढा. तुम्ही आणि तात्या कागलला जा, जुन्या गोळा करून आणा. पोवारांचं तोंड गोड झालं तर तात्या राहतील. न्हाई तर न्हाई."

मी तात्यांच्या घरी गेले. ते दारातच बसले होते. सगळं सांगितलं, माफी मागितली.

"कडी मीच लावली नव्हती की," ते म्हणाले. एवढंच.

नव्या पत्रिकांची दोन बोचकी घेऊन आम्ही कागलची एसटी धरली. वाटेत न राहवून मी विचारलं, "तात्या, पण कडी लावायची विसरलात कशी? बाकी तर तुम्ही काही विसरत नाही."

"इसरलो कुठं?" तात्या चकित झाले. "महिरप एकाच बाजूला असती, मॅडम. खिळ्यांत नावं लावली, की उजव्या अंगाला एक महिरप ठोकायची. झालं. डाव्या अंगाला कुणी लावतंय व्हय? तुमची ती दुसरी कडी मला शोभेची वाटायची. येळ असला की लावायचो."

मी डोक्याला हात लावला. खरंच की! शिशाच्या पत्रिकेत महिरप एकटीच असते. आजवरच्या सगळ्या पत्रिकांत एखादं घर शेवटी कडीविना राहून गेलं, तरी प्रोग्रॅम झाकून घेत होता. मी त्या माणसासाठी अख्खी भाषा बनवली, आणि तीस वर्षं तुम्ही महिरप कशी लावत होता, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. क्लासमधला तो पैलवान मला पार शाहूपुरीपासून ऐकू यायला लागला.

पोवारांच्या दारात पोचलो तर मांडव पडत होता. एक दणकट गडी ट्रॉलीतून बांबू उतरवत होता आणि आरडाओरडा करून सगळ्यांना कामाला लावत होता. ओसरीवर म्हातारी बसली होती, नजर त्याच्यावर. थोरले पोवार घाईघाईनं आले आणि आम्हाला बाजूला, गोठ्याकडं घेऊन गेले.

"नव्या पत्रिका आणल्यात," मी म्हटलं. "ह्यात सगळं बरोबर आहे. जुन्या द्या परत."

"हळू बोला, बाई!" त्यांनी माझ्या हातातलं बोचकं ओढून कडब्याआड ढकललं. "त्यो बांबू उतरायलाय, त्यो धाकटा हाय. काल पत्रिका पोचली त्येला. आमच्यात नाव बघितलं आन् सकाळी ट्रॉली घिऊन दारात. मी कायतरी बोलणार तर म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की..." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बारा वरसांनी आलाय, बाई. ती बोचकी हितनं भाईर काढू नका."

तेवढ्यात धाकटे आलेच. तात्यांकडं बघून म्हणाले, "पावणं कोण?"

थोरले गडबडले. तात्या पुढं झाले. "म्या पत्रिका जुळवली," म्हणाले. ताठ मानेनं म्हणाले.

धाकट्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "झकास जुळवलीसा. पर त्यो स्नेहांकित कोण, त्येवडं सांगा. त्येला आहेर कसला करायचा?"

तात्या न अडखळता म्हणाले, "त्यो आमच्या मॅडमकडचा हाय."

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतताना थोरल्यांनी अण्णांसाठी चिठ्ठी दिली, की पुढची पत्रिकाही ह्याच माणसाच्या हातची पाहिजे. तात्यांची नोकरी राहिली.

मी आल्या आल्या टुंग परत बसवला. आता कडी राहिली की प्रोग्रॅम जागचा हलायचा नाही, एक ओळ दाखवायचा, 'कडी लावा, तात्या'. ती ओळ काढायची विसरून मी प्रोग्रॅम त्या चार प्रेसना दिला. इचलकरंजीची एक ऑपरेटर मुलगी वर्षभर फोन करून विचारत होती, "मॅडम, हे मशीन मला तात्या का म्हणतंय?"

पुढं दोन हजार सालानंतर सगळंच बदललं. जगातल्या प्रत्येक लिपीला स्वतःचे आकडे मिळाले, युनिकोड आलं. मराठी अक्षर आणि महिरपी कंस पहिल्यांदाच एका ओळीत, कुणाला न उठवता बसले. मी नवा प्रोग्रॅम लिहिला, त्यात खरे कंस घातले. तात्यांनी ते वापरले, पण कुरकुरत. "अधिक-तिरकी बरी हुती," म्हणायचे.

त्यानंतर काही वर्षांनी एका दुपारी तात्या घरी आले. निवृत्त झाले होते, काठी आली होती. पिशवीतून अक्षता आणि पत्रिका काढली. धाकट्या मुलीचं लग्न. "शेवटची म्हणून प्रेसवर बसून मीच जुळवली," म्हणाले. "बघा, चुका काढा."

मी बघितली, आणि सगळे बघतात तसंच बघितलं. खाली 'आपले नम्र' मध्ये मोठी महिरप होती. तात्या, त्यांचे भाऊ, पुतणे, थोरली मुलगी, जावई, आणि त्याखाली मी, 'सौ. मगदूम मॅडम'. टोकाशी 'व समस्त सुतार परिवार'.

"तात्या," मी म्हटलं, "अहो, कंस बंद करायचा राहिला की काय पुन्हा? मी आत आलेय."

तात्या पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "कडी लावल्याबिगर तुमचं मशीन आता पुढं जातंय व्हय? लावलीया की. तुमच्या नावाच्या खाली लावलीया."